इवल्या विटांचे देखावे

चार बोटें लांब आणि तितकाच रुंद असा एक हिरवा पाट. त्याच्या एका कडेला लाल विटांची अर्धवट भिंत, भिंतींत एक खिडकी, खिडकीखालीं बाक. बाकावर एक म्हातारा बसला आहे आणि समोर उभ्या असलेल्या मुलाच्या हातीं त्यानें एक पत्र दिलें आहे. म्हातारा उभा राहिला तर त्याची उंची दीड इंच भरेल. मुलगा त्याहून थोडा ठेंगणा. भिंत, बाक, माणसें, पत्र, सर्व कांहीं प्लास्टिकचें. पत्र म्हणजे एक पांढरा चपटा तुकडा. बाक म्हणजे दुसऱ्याच कोणत्या तरी कामासाठीं केलेली एक पातळ वीट. तरीहि पाहणारा क्षणभर थबकतो आणि नकळत मनाशीं म्हणतो, ‘पत्रांत काय बरें असेल?’

पाहणाऱ्याच्या मनांत असा प्रश्न उभा करणें हेंच या कलेचें प्रयोजन. तिला कला म्हणावें कीं खेळ, याविषयीं वाद होऊं शकेल. परंतु यूरोप-अमेरिकेंत लहानांइतकींच मोठीं माणसेंहि तिच्यांत रमतात, आणि आपल्याकडील शहरांतूनहि या विटांच्या पेट्या बऱ्याच घरीं दिसूं लागल्या आहेत. अशा रचनेला आपल्या भाषेंतील ‘देखावा’ हा शब्द चपखल बसतो. चैत्रगौरीपुढें किंवा गणपतीपुढें ज्या अर्थानें देखावा मांडतात त्याच अर्थानें हाहि देखावाच: थोडक्या जागेंत, थोडक्या वस्तूंनीं, एखादी गोष्ट डोळ्यांपुढें उभी करणें. फरक इतकाच कीं येथें मूर्तिकार नाहीं, रंगारी नाहीं, कात्री नाहीं नि खळहि नाहीं. जें कांहीं साधावयाचें तें ठराविक आकाराचे तुकडे एकमेकांत बसवून साधावयाचें.

या विटांचें मूळ गांव डेन्मार्क देशांतील बिलुंड. तेथील ओले कर्क क्रिस्टियानसेन नांवाच्या सुतारानें १९३२ सालीं, मंदीमुळें घरबांधणीचीं कामें मिळेनाशीं झालीं तेव्हां, लाकडी खेळणीं करण्यास आरंभ केला. ‘चांगलें खेळा’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांचीं सुरुवातीचीं अक्षरें जोडून त्यानें आपल्या धंद्याला ‘लेगो’ हें नांव दिलें. प्लास्टिकच्या विटा त्याच्या कारखान्यांतून १९४९ सालीं निघाल्या. कल्पना सर्वस्वीं त्याची नव्हती. इंग्लंडांतील हिलरी पेज या गृहस्थानें तशा विटा आधींच बाजारांत आणल्या होत्या. हें सांगणें न्यायाचें आहे, कारण पेजचें नांव आज फारसें कोणी घेत नाहीं.

या पहिल्या विटांच्या माथ्यावर गोल खुंट्या असत आणि पोटांत नुसती पोकळी. खालच्या विटेच्या खुंट्या वरच्या विटेच्या पोकळींत शिरत खऱ्या, पण पकड सैल. रचलेली भिंत उचलावी तों ती हातांतच ढासळे. ओलेचा मुलगा गॉटफ्रेड यानें २८ जानेवारी १९५८ रोजीं ज्या सुधारणेच्या पेटंटसाठीं अर्ज केला ती सुधारणा दिसावयास अगदींच साधी आहे. विटेच्या पोटांत त्यानें पोकळ नळ्या बसविल्या. त्यामुळें प्रत्येक खुंटी नळी व विटेची भिंत यांच्यामध्यें तीन ठिकाणीं दाबली जाऊं लागली. पांच वर्षांच्या मुलाच्या बोटांनीं सुटावी, आणि एरवीं जागची हलूं नये, एवढाच तो दाब. तो साधण्यासाठीं सांचे इतके काटेकोर असावे लागतात कीं केसाच्या जाडीच्या दशांशाइतकीहि चूक चालत नाहीं. त्या सालची वीट आज निघालेल्या विटेवर बरोबर बसते. इतक्या वर्षांत माप बदललेलें नाहीं.

आठ खुंट्यांची, म्हणजे दोन ओळींत चार-चार खुंट्या असलेली वीट ही या सर्व पसाऱ्यांतील मुख्य. एकाच रंगाच्या अशा दोन विटा एकमेकींवर चोवीस प्रकारांनीं बसतात. तीन विटा घेतल्या तर प्रकार होतात १,०६०. सहा विटा घेतल्या तर किती व्हावे? डेन्मार्कमधील गणितज्ञांनीं संगणकाला कामाला लावून ही संख्या काढली: ९१,५१,०३,७६५. मुठींत मावणाऱ्या सहा तुकड्यांच्या पोटांत एक्याण्णव कोटींहून अधिक आकार दडलेले आहेत, आणि पेटीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेंत त्यांपैकीं बहुधा एकच छापलेला असतो. या गोष्टीकडे पुढें पुन्हां वळावें लागेल.

विटांनीं घर होतें, पण देखावा होत नाहीं. त्याला माणूस लागतो. आज जो बाहुला जगभर ओळखला जातो, ज्याला तिकडे ‘मिनिफिगर’ म्हणतात, तो १९७८ सालीं येन्स नायगॉर्ड क्नुडसेन या कलाकाराच्या देखरेखीखालीं तयार झाला. त्याच्या आधीं दोन प्रयत्न होऊन गेले होते. १९७४ सालचे बाहुले घरांच्या मानानें फार मोठे होते; पुढच्या वर्षींचे मापांत बसणारे, पण त्यांचे हात हलत नसत नि तोंडावर चेहराहि नसे. तिसऱ्या खेपेस साधलें. विटेसारखीच याच्या डोक्यावर एक खुंटी असते, तिच्यावर केस किंवा टोपी बसते. पायाच्या तळव्यांत व मागच्या बाजूस भोकें असतात, म्हणून तो पाटावर घट्ट उभा राहतो व बाकावर घट्ट बसतो. मान फिरते, खांद्यांत हात फिरतात, मनगटें फिरतात, कमरेंत पाय पुढें-मागें होतात. कोपर व गुडघा मात्र वाकत नाहींत. हाताचा पंजा म्हणजे एक अर्धी कडी. तिच्यांत तीन मिलिमीटरांहून किंचित् जाड अशी कोणतीहि दांडी अडकते, मग ती तलवार असो, झाडू असो वा फुलाचा देंठ असो.

पहिलीं दहा-अकरा वर्षें या सगळ्या बाहुल्यांचा चेहरा एकच होता: पिवळा रंग, दोन काळे ठिपके आणि एक स्मित. शिलेदाराला तेंच हसूं आणि अंतराळवीरालाहि तेंच. १९८९ सालीं चांचे लोक आले आणि त्यांच्याबरोबर दाढ्या, मिशा व डोळ्यावरची पट्टी आली. पुढें रागीट, घाबरलेले, रडके असे नाना चेहरे निघाले. आतां तर कित्येक डोक्यांना पुढें एक व मागें एक असे दोन चेहरे असतात आणि मागचा केसांखालीं झांकून जातो. सोय मोठी झाली यांत शंका नाहीं. परंतु देखाव्याच्या दृष्टीनें जुन्या एकाच हास्यांत जें बळ होतें तें या शेंकडो चेहऱ्यांत उरलेलें नाहीं, असें म्हणावेसें वाटतें. चेहरा बदलतां येत नसला कीं रचणाऱ्याला मान किती कलती ठेवावी, हात किती वर न्यावा, दोघांमध्यें किती खुंट्यांचें अंतर सोडावें, याचा विचार करावा लागतो. कुडाळजवळच्या पिंगुळींतील कळसूत्री बाहुल्या ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांना हें सहज पटेल. त्या बाहुलीचा रंगविलेला चेहरा कधींच बदलत नाहीं. तरी ती रडते, चिडते, लाजते, आणि हें सारें तिच्या मानेंत नि हातांत असतें.

या बाहुल्यानें एक विलक्षण अडचणहि निर्माण करून ठेवली आहे, ती प्रमाणाची. तो चार विटांइतका, म्हणजे सुमारे चार सेंटिमीटर उंच. साडेपांच-पावणेसहा फुटी माणूस धरला तर हें प्रमाण साधारण बेचाळिसांस एक असें पडतें. पण त्याच्या दोन हातांमधील रुंदी पाहिली तर ती जवळजवळ अडीच सेंटिमीटर आहे. बेचाळीसनें गुणलें तर हा गृहस्थ एक मीटरहून अधिक रुंद ठरतो! उंचीचें प्रमाण वेगळें नि रुंदीचें वेगळें, अशीं दोन मापें एकाच देहांत नांदतात. त्याच्यासाठीं जो दरवाजा मिळतो तो चार खुंट्या रुंद व सहा विटा उंच. आपल्या हिशेबानें तो आठ फूट उंच आणि साडेचार फूट रुंद झाला. एका विटेची पायरी केली तर ती सोळा इंच उंच पडते, आणि ती चढावयाची कोणी, तर ज्याचा गुडघा वाकत नाहीं त्यानें! तेव्हां हुबेहूब प्रमाणाचा आग्रह धरणाऱ्याची येथें फजितीच व्हावयाची. जाणते रचनाकार मोजपट्टी बाजूला ठेवतात आणि बाहुला शेजारीं उभा करून डोळ्यांना काय पटतें तें पाहतात. दूरचें घर दाखवावयाचें असेल तर तें मुद्दाम लहान तुकड्यांचें करतात आणि जवळचें झाड मोठें. मग एक वीत खोलींत कोसभराचें अंतर भासतें.

आपल्या मुलांना ही युक्ति कोणी शिकवावी लागत नाहीं. दिवाळींत अंगणोअंगणीं जे मातीचे किल्ले होतात त्यांत बुरुजाहून मावळा उंच असतो, दरवाजांतून त्याची मानहि जाणार नाहीं, आणि अळीव पेरून उगवलेलें गवत त्याच्या छातीपर्यंत येतें. सिंहासनावरचे महाराज तर सगळ्या गडाहून भव्य. तरी तो किल्ला पाहून ‘हें प्रमाणांत नाहीं’ असें कोणी म्हणत नाहीं. जें महत्त्वाचें तें मोठें, हा तेथला कायदा आहे, आणि तो समजून घेतला म्हणजे तक्रारीला जागा राहत नाहीं.

विटांच्या गणितांत मात्र एक हिशेब असा आहे कीं तो समजल्यावांचून देखावा रचणाऱ्याचें पाऊल पुढें पडत नाहीं. दोन खुंट्यांमधील अंतर ८ मिलिमीटर. विटेची उंची ९.६ मिलिमीटर. पातळ विटेची उंची तिच्या एक तृतीयांश, म्हणजे ३.२. आतां पांच पातळ विटा एकावर एक ठेवल्या तर उंची होते १६ मिलिमीटर, आणि दोन खुंट्यांची रुंदी होते तीहि १६. म्हणजे पांच पातळ विटांची चळत आडवी पाडली तर ती दोन खुंट्यांच्या जागेंत नेमकी बसते! बाजूला खुंटी असलेले कांहीं तुकडे मिळतात, त्यांवर या विटा आडव्या, प्रसंगीं उलट्याहि बसवितां येतात. मग भिंतीवर चुन्याची गुळगुळीत गिलावणी दिसते, फरशींत सांधे दिसतात, नदीचें पाणी खडकावरून वाकलेलें दिसतें. नवशिक्याच्या देखाव्यांत सगळ्या खुंट्या वर तोंड करून असतात. जाणत्याच्या देखाव्यांत त्या बहुधा दिसतच नाहींत.

आणि खरी गंमत त्याच्याहि पुढें आहे. ती म्हणजे एका कामासाठीं केलेला तुकडा दुसऱ्याच कामाला लावणें. बाहुल्याचें डोकें चेहऱ्याची बाजू मागें फिरवून फळीवर ठेवलें कीं तो लोणच्याचा बुधला होतो. पाणबुड्याच्या पायांतील वल्ह्यासारखे जोडे पांच-सहा एकत्र आणले कीं फुलाच्या पाकळ्या होतात. चंद्रकोरीसारखा एक पाव या खेळण्यांत मिळतो. तो भिंतीच्या वरच्या कडेला ओळीनें लावला कीं वाड्याची नक्षी होते. कारखान्यानें स्वतःहि हा धडा गिरविला आहे. २०२१ सालीं त्यानें बुटक्या जपानी झाडाची जी पेटी काढली तिच्यांत फांद्यांवरचा गुलाबी बहर दिसतो; जवळ जाऊन पाहावें तर एकेक फूल म्हणजे एकेक गुलाबी बेडूक! हें ओळखल्यावर पाहणारा हसतो, पण झाड कांहीं मोडत नाहीं. एकाच वेळीं तो बेडूकहि पाहतो आणि फूलहि. काव्यांतल्या श्लेषाचा आनंद याहून फारसा निराळा नसावा.

आतां देखाव्यांत मांडावें काय? येथें पुष्कळांचें चुकतें. लढाई, बाजार, मिरवणूक असे भरगच्च विषय घेतले जातात आणि हजार तुकडे खर्चूनहि डोळा कोठें ठरत नाहीं. सहा किंवा आठ खुंट्यांच्या चौरसावर, म्हणजे पांच-साडेसहा सेंटिमीटरांच्या जागेंत, सबंध हकीकत मावत नाहीं. एक क्षण मावतो. तो असा निवडावा कीं त्याच्या आधीं कांहीं घडलें आहे व पुढें कांहीं घडणार आहे हें पाहणाऱ्याला कळावें. न्यूयॉर्कमधील १९३२ सालचें एक छायाचित्र सर्वप्रसिद्ध आहे: बांधकाम चालू असलेल्या गगनचुंबी इमारतीच्या पोलादी तुळईवर अकरा कामगार पाय सोडून जेवणाच्या सुटींत बसले आहेत, एक जण दुसऱ्याची सिगरेट पेटवून देत आहे, आणि खालीं अंधुक शहर. या चित्राचा देखावा अनेकांनीं विटांत केला आहे, कारण तो या बाहुल्याच्या शरीराला जणूं मापून दिलेला आहे. कमरेंत काटकोनांत वाकणें एवढेंच त्याला येतें, आणि येथें तेवढेंच हवें आहे. सामान लागतें एक लांब तुळई व अकरा बाहुले. खालचें शहर रचूं लागलें कीं मात्र घात होतो. तेथें कांहींच नसावें. त्या मोकळ्या जागेंतच सगळी भीति आहे.

खेळण्यांतील माणसें व ठोकळे यांच्याकडे थोरांनीं गंभीरपणें पाहावें, ही गोष्ट या विटांहून जुनी आहे. फ्रेडरिक फ्रोबेल यानें बालोद्यानासाठीं जीं साधनें ठरविलीं त्यांत आठ लहान घनांत विभागलेला एक लांकडी घन होता, हें शिक्षणाच्या क्षेत्रांतील लोकांस ठाऊक आहेच. प्रसिद्ध इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यानें १९११ सालीं ‘फ्लोअर गेम्स’ नांवाचें एक लहानसें पुस्तक लिहिलें. आपल्या दोन मुलांबरोबर जमिनीवर लांकडी विटा, फळ्या नि शिशाचे बाहुले मांडून बेटें, शहरें, बाजार कसे उभारावे याचें त्यांत वर्णन आहे. दुकानांत शिपाई हवे तितके मिळतात, पण साधे नागरिक मिळत नाहींत, ही त्याची एक तक्रार होती. १९७८ सालच्या पहिल्या बाहुल्यांत शिलेदारांबरोबर पोलीस व परिचारिका होत्या, हें पाहावयास तो हवा होता!

त्या पुस्तकाचा परिणाम मात्र त्याच्या हयातींतच एका अनपेक्षित ठिकाणीं झाला. मार्गारेट लोवेनफेल्ड या डॉक्टरीणबाईंनीं १९२८ सालीं लंडनमध्यें मनानें अस्वस्थ असलेल्या मुलांसाठीं एक उपचारगृह उघडलें. वेल्सचें पुस्तक त्यांच्या स्मरणांत होतें. त्यांनीं मुलांसमोर वाळूचें तबक व कपाटभर इवलीं माणसें, जनावरें, घरें, कुंपणें ठेवलीं आणि सांगितलें कीं वाटेल तें मांडा. मुलें जें मांडीत त्याला तीं स्वतःच ‘जग’ म्हणूं लागलीं. ज्या मुलाला ‘तुला काय होतें?’ असें विचारल्यावर उत्तर देतां येत नसे, तें घराभोंवतीं चार-चार कुंपणें घाली, किंवा आईला एका कोपऱ्यांत व स्वतःला दुसऱ्या कोपऱ्यांत ठेवी. बाईंचें म्हणणें असें कीं, मुलाच्या मनांत कित्येक गोष्टी एकाच वेळीं असतात आणि वाक्यांत त्या एकामागून एक सांगाव्या लागतात. देखाव्यांत त्या एकदमच मांडतां येतात. हीच रीत पुढें स्वित्झर्लंडमध्यें डोरा काल्फ यांनीं वाळूच्या खेळाच्या उपचारांत वाढविली. म्हणून घरांतील मुलानें आजोबांना छपरावर बसविलें किंवा मोटारींत वाघ घातला, तर लगेच ‘हें चुकलें’ म्हणून हात घालण्यापूर्वीं जरा थांबून पाहावें. मात्र पाहून लगेच अर्थहि लावीत बसूं नये. तें काम जाणत्या वैद्याचें, आणि वाघ पुष्कळदां नुसता वाघच असतो.

आज या खेळाला धोका आहे तो पुस्तिकेचा. पेटी उघडावी, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सांगितल्याप्रमाणें तुकडे लावावे, चित्रांतल्यासारखें विमान किंवा वाडा तयार झाला कीं तो कांचेच्या कपाटांत ठेवावा, आणि वर धूळ बसूं द्यावी. यांत मुलाला सूचना वाचण्याची संवय लागते हें खरें, आणि ती संवय वाईट नाहीं. पण एक्याण्णव कोटींपैकीं एक आकार पाहून उरलेल्यांवर पडदा टाकला जातो तो टाकलाच जातो. मोठीं माणसें तर कांहीं वेळां तुकडे चिकटवूनहि टाकतात. २०१४ सालीं निघालेल्या ‘द लेगो मूव्ही’ या चित्रपटाचा गाभाच हा आहे: बापानें तळघरांत मोठें शहर रचून तें सरसानें कायमचें चिकटवावयाचें ठरविलें आहे, आणि मुलाला तें मोडून नवें करावयाचें आहे.

कारखान्यालाहि हा धडा महाग पडून शिकावा लागला. २००३ सालीं त्याला मोठा तोटा आला. तोपर्यंत निरनिराळ्या तुकड्यांची संख्या बारा हजारांवर गेली होती, आणि त्यांतले पुष्कळसे असे कीं एका पेटींतील एका जागेखेरीज त्यांचा कोठें उपयोग नाहीं. नंतरच्या कांहीं वर्षांत ती संख्या बरीच खालीं आणण्यांत आली. ज्या तुकड्याला एकच अर्थ आहे तो तुकडा खेळाच्या दृष्टीनें गरीब.

हुबेहूबपणाची परमावधि पाहावयाची असेल तर ती इंग्लंडांत विंडसर येथें आहे. नव्या दिल्लीचे शिल्पकार एडविन लट्यन्स यांनीं मेरी राणीसाठीं रचलेलें बाहुलीघर १९२४ सालीं पुरें झालें. बारास एक हें त्याचें प्रमाण. नळांना खरें पाणी, दिव्यांना वीज, चालणारे पाळणे, आणि ग्रंथालयांत नामांकित लेखकांनीं मुद्दाम लिहून दिलेलीं बोटाएवढीं पुस्तकें. पाहून थक्क व्हावें असेंच तें आहे. पण त्यांतली एक खुर्चीहि कोणी हलवूं शकत नाहीं.

ज्या घरांत विटांची पेटी आहे तेथें फारशा तयारीची जरुर नाहीं. पुस्तिकेप्रमाणें एकदां खुशाल रचूं द्यावें, आठ-पंधरा दिवस ठेवूं द्यावें, आणि मग मुलाच्याच हातानें मोडवून तुकडे एका मोठ्या डब्यांत टाकावे. तुकडे फार झाले तर रंगाप्रमाणें नव्हे, आकाराप्रमाणें निवडावे. ढिगांतून लाल तुकडा डोळ्याला चटकन सांपडतो, पण दहा प्रकारच्या लाल तुकड्यांतून हवा तो आकार काढतांना वेळ जातो. तीन वर्षांखालील मूल घरांत असेल तर डबा उंचावर ठेवावा, कारण हे तुकडे घशांत अडकण्याजोगे आहेत. पाट लहान द्यावा आणि बाहुले दोन किंवा तीनच द्यावे. रचून झालें म्हणजे त्याचें छायाचित्र घ्यावें, तें वरून नव्हे तर यंत्र टेबलाला टेकवून, बाहुल्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, आणि उजेड एका बाजूच्या खिडकींतून येऊं द्यावा. मग पाट रिकामा करावा आणि मुलाला विचारावें, पुढें काय मांडतोस?